धुळीची साक्ष

महाडकराला गंज म्हणजे काय, हे कुणी शिकवावे लागत नाही. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस, सावित्री आणि गांधारी या दोन नद्यांचा शेजार आणि चार महिने भिंतींना सुटलेली ओल यांतून ते आपोआप शिकले जाते. मे महिन्यात हौसेने रंगवलेले खिडकीचे गज गणपतीपर्यंत खालच्या टोकाला फुगू लागतात. पत्र्याच्या शेडवर पहिला तांबूस ओघळ उमटतो तो पत्र्याच्या मधोमध नव्हे, तर खिळ्याच्या भोकापाशी. महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरून पोलादपूरच्या स्टँडवर आलेल्या एसटीचा नुसता पत्रा पाहून वर घाटात पाऊस आहे की धुके, हे तिथला चहावाला सांगू शकतो.

ही नजर हेच एका छंदाचे पहिले भांडवल आहे. छंद तसा आपल्याकडे कमी माहितीचा. बाजारात प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचा एक खोका मिळतो. त्यातून रणगाडा, जीप किंवा चिलखती गाडी बांधायची, रंगवायची आणि मग कपाटात ठेवायची. इथपर्यंत ऐकल्यावर माणसे मान डोलावतात. पण खरी गंमत त्यानंतरची आहे. तीन आठवडे खपून जी गाडी नवी कोरी तयार केली, तिलाच पुढचे तीन आठवडे खपून जुनी करायची! तिचा रंग उडवायचा, तिच्यावर धूळ बसवायची, चिखल उडवायचा, कुठे तेल सांडायचे, कुठे गंजाचा ओघळ काढायचा. या कामाला छंदातली मंडळी ‘वेदरिंग’ म्हणतात. वेदर म्हणजे हवामान. ऊन, वारा, पाऊस आणि माणसाचा हात यांनी वस्तूवर जे होते ते.

हे ऐकून घरातली वडीलधारी माणसे हसतात. ‘चांगली वस्तू खराब करायला पैसे कशाला? गॅलरीत ठेव, महाडचा पाऊस फुकटात करून देईल,’ असा सल्लाही मिळतो. सल्ल्यात विनोद आहे, पण एक प्रश्नही दडलेला आहे. वस्तू खराब होणे आणि वस्तू वापरलेली दिसणे यांत फरक काय? या छंदाचे सारे मर्म त्या फरकात आहे.

गाडी कोणती निवडावी?

नवशिक्याचा हात हमखास जर्मन टायगर रणगाड्याकडे जातो. तो आहेच तसा रुबाबदार. पण महाड-पोलादपूरच्या मुलाने पहिली गाडी निवडताना जरा आपल्या आजूबाजूला पाहावे. हा मुलूख रणगाड्यांचा नाही, पायदळाचा आहे. महाड तालुक्यातल्या एका गावाचे नावच मुळी फौजी आंबवडे. घरटी एक तरी माणूस सैन्यात, ही तिथली परंपरा पहिल्या महायुद्धापासूनची. त्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने देशभर अनेक गावांत दगडी पाट्या बसवल्या. या गावातून इतके लोक लढाईवर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच त्यावरचा मजकूर. नावे नाहीत, नुसते आकडे. 

महाडच्या उत्तरेला लागूनच माणगाव तालुका. त्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे हे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांची तुकडी अगदी जवळून झालेल्या मशीनगनच्या माऱ्यात सापडली. तुकडीतले बाकी सारे मारले गेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच पुढे धावले, हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली आणि बंदुकीतल्या गोळ्या संपल्यावर नवे मॅगझिन चढवायलाही वेळ नाही म्हटल्यावर, नळीच्या बाजूने ती बंदूक धरून उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्याने मारले. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांनी त्यांचा वेध घेतला. त्या वेळी त्यांचे वय होते २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे आणि महामार्गाने जाणाऱ्या पुष्कळांना तो ओळखीचा आहे.

इटलीच्या त्या मोहिमेत सुमारे ५० हजार भारतीय सैनिक लढले. त्यांपैकी ५,७८२ जण परत आले नाहीत. तिथे दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीय सैन्यातल्या जवानांचे. बहुतेक पोरे वीस-बावीस वर्षांची होती.

या पायदळाबरोबर असणारी गाडी म्हणजे ‘युनिव्हर्सल कॅरियर’. ब्रेन मशीनगन घेऊन फिरणारी म्हणून ‘ब्रेन कॅरियर’ हे तिचे बोलीतले नाव. वरून उघडी, बुटकी, पोलादी पट्ट्यांवर चालणारी. आपल्या मापाने सांगायचे तर चिलखत घातलेला टेम्पो. दारूगोळा वाहा, पाणी पोचवा, उखळी तोफ ओढा, जखमीला मागे न्या, अशी पडेल ती कामे तिने केली. १९३४ ते १९६० या काळात अशा सुमारे १ लाख १३ हजार गाड्या तयार झाल्या. याहून जास्त संख्येने दुसरी कोणतीही चिलखती गाडी आजवर बनलेली नाही. इतकी उपयोगी, आणि तरीही सिनेमात तिला कधी नायकाचे काम नाही! आपल्या कामासाठी याहून चांगली गाडी कोणती?

एकास पस्तीस

या गाडीची लांबी सुमारे ३ मीटर ६५ सेंटिमीटर. लष्करी वाहनांच्या प्रतिकृतींमध्ये सगळ्यांत रूढ असलेले प्रमाण एकास पस्तीस, म्हणजे प्रतिकृती साधारण साडेदहा सेंटिमीटर. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन काडेपेट्यांएवढी.

हे पस्तीस कुठून आले, याची हकिकत मजेदार आहे. जपानमधल्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचा खोका बाजारात आणला. रणगाडा चालता हवा होता, म्हणून पोटात विजेची मोटर आणि बॅटरीचे सेल मावतील इतके त्याचे अंग बेतले गेले. पुढे हिशेब केला तेव्हा प्रमाण एकास पस्तीसच्या आसपास निघाले! कंपनीने पुढच्या गाड्याही त्याच प्रमाणात काढल्या आणि जगभरच्या छंदिष्टांनी ते माप मान्य करून टाकले. तामियाच्या यादीत युनिव्हर्सल कॅरियरही आहे.

एकदा का हे पस्तीस डोक्यात बसले, की भोवतालचे जग बदलून दिसू लागते. साडेपाच फुटांचा माणूस पावणेपाच सेंटिमीटरचा होतो. कॅरियरचे चिलखत सात ते दहा मिलिमीटर जाडीचे, म्हणजे प्रतिकृतीत ते जेमतेम पाव मिलिमीटर असायला हवे. प्लॅस्टिकचा साचा इतका पातळ पत्रा देऊ शकत नाही; मिलिमीटरभर जाडीचा पत्रा म्हणजे खऱ्या मापात साडेतीन सेंटिमीटरचे पोलाद झाले. म्हणून वरच्या उघड्या कडा आतल्या बाजूने पॉलिश पेपरने घासून पातळ करायच्या. पाहणाऱ्याला कारण कळत नाही, पण गाडी एकदम खरी वाटू लागते.

हाच हिशेब धुळीलाही लागू. अंगणातली वाळू उचलून चाकाला लावली, तर तिचा अर्ध्या मिलिमीटरचा कण खऱ्या मापात पावणेदोन सेंटिमीटरचा खडा होतो. मग ती धूळ राहत नाही, खडी होते. आपल्या आज्या काढ्याचे चूर्ण जसे वस्त्रगाळ करीत, तशी माती वस्त्रगाळ करावी लागते. रंगाचा उडालेला टवका एक मिलिमीटरचा काढला, तर तो खऱ्या गाडीवर साडेतीन सेंटिमीटरचा. असे शंभर टवके काढले की ती गाडी नव्हे, खरूज झालेले जनावर दिसते.

बांधणी पावसात, रंग दसऱ्यानंतर

महाडात या छंदाचे पंचांग ठरलेले असावे. बांधणी पावसाळ्यात करावी. बाहेर पाऊस कोसळतो आहे, वीज असेल तर दिव्याखाली टेबल मांडले आहे, यासारखे सुख नाही. प्लॅस्टिकच्या चौकटीला भाग काडीने जोडलेले असतात. ते हाताने मोडायचे नाहीत. बारीक कटरने तोडायचे, ब्लेडने तासायचे, घासायचे. चिकटवण्याचे द्रव हे डिंकासारखे नसते. ते प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवते आणि दोन भाग एकमेकांत मिसळून सांधा एकजीव होतो. म्हणून थेंबभरच पुरते. मुले सोबत असतील तर ब्लेड मोठ्यांच्या हातात आणि खिडक्या उघड्या, हे दोन नियम मोडू नयेत.

रंगकाम मात्र दसऱ्यानंतर. हवेत दमटपणा असताना लवकर वाळणारा रंग किंवा व्हार्निश मारले, की त्यावर पांढुरकी साय धरते. द्रावण उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि रंगात अडकून बसते. पंख्याने ती जात नाही. कोरडी हवा हाच उपाय, आणि ती दिवाळीच्या सुमारास आपोआप चालून येते.

रंग कोणता द्यावा, हा अभ्यासाचा भाग. १९४३ साली भूमध्य समुद्राच्या बाजूच्या ब्रिटिश वाहनांना फिकट मातकट रंग आणि त्यावर काळसर पट्टे देण्याचा हुकूम निघाला. १९४४ मध्ये गडद हिरवट ऑलिव्ह रंग ठरला. कागदावर हुकूम निघाला म्हणून आघाडीवरची प्रत्येक गाडी दुसऱ्या दिवशी रंगवली जात नाही. तेव्हा १९४४ च्या उन्हाळ्यातली गाडी जुन्या रंगात दाखवली तरी चालते, पण मग तिच्या अंगावर वर्षभराची सेवा दिसली पाहिजे. खोक्यासोबत येणारी पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हे बहुतेक वेळा इंग्रज पलटणींची असतात. भारतीय डिव्हिजनांची चिन्हे, उदाहरणार्थ चौथ्या डिव्हिजनचा लाल गरुड, बारीक कुंचल्याने स्वतः काढावी लागतात. आपले लोक तिथे होते हे खोक्यावर छापलेले नसते, ते आपणच काढायचे असते.

ज्याला खरी लष्करी वाहने जवळून पाहायची असतील त्याने सुट्टीत अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, जरूर जावे. तिथे सैन्याच्या आर्मर्ड कोअर सेंटरने १९९४ मध्ये उघडलेले रणगाड्यांचे संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धातले मटिल्डा, व्हॅलेंटाइन आणि चर्चिल, आपले सेंच्युरियन आणि विजयंता, पाकिस्तानकडून हस्तगत केलेले पॅटन, हे सारे तिथे हाताच्या अंतरावर आहे. फोटोत पोलाद सपाट दिसते. प्रत्यक्षात ओतीव बुरुजाला खडबडीत कातडी असते, जोडाच्या कडेला वेल्डिंगची वळी असते. हे डोळ्यांनी एकदा पाहिले, की हाताला आपोआप कळते.

डागाला कारण हवे

आता वेदरिंग. हे तंत्र कुणा एकाचे नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या शेपर्ड पेन यांनी प्रतिकृतीभोवती एखादा प्रसंगच उभा करण्याची गोडी लावली. पुढे बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हर्लिंडेन यांनी पातळ रंगाचे हात आणि कोरड्या कुंचल्याची पद्धत जगभर नेली. आज त्यासाठी शेकडो बाटल्या विकायला आहेत. पण घरातल्या आणि कोपऱ्यावरच्या दुकानातल्या वस्तूंतही निम्म्याहून अधिक काम भागते.

मूळ रंग ॲक्रिलिकचा, म्हणजे पाण्यात मिसळणारा द्यावा. तो पूर्ण वाळल्यावर त्यावर तैलरंगाचे काम करता येते, कारण टर्पेंटाइन वाळलेल्या ॲक्रिलिकला विरघळवत नाही. चित्रकलेच्या तैलरंगातला गडद तपकिरी टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करायचा आणि कुंचल्याचे टोक एखाद्या रिव्हेटच्या बुडाशी टेकवायचे. रंग आपणहून फटीत धावतो आणि सांध्यात जमलेली मळी तयार होते. मग फिकट रंगाचा कुंचला चिंधीवर जवळजवळ कोरडा करून कडांवरून हलकेच फिरवायचा. उंचवटे उजळून येतात. भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा गडद तपकिरी रंगात बुडवून, टिपून, जिथे बुटांचे पाय पडतात तिथे अलगद टेकवायचा. उडालेल्या रंगाचे टवके होतात. हाताने धरून धरून गुळगुळीत झालेल्या कडेवर शिसपेन्सिल फिरवली, की पोलादाची काळी चमक येते. चित्रकलेच्या खडूची ब्लेडने खरवडलेली पूड म्हणजे धूळ. चिखलाचे शिंतोडे उडवायला जुना टूथब्रश.

साहित्य इतके साधे. अवघड आहे ते कुठे थांबायचे हे कळणे. त्यासाठी एकच नियम पुरतो. प्रत्येक डागाला कारण हवे. ओघळ खालीच जातो, आडवा जात नाही. धूळ आडव्या पृष्ठभागावर बसते, उभ्यावर घसरते आणि कोपऱ्यात साठते. पोलादी पट्ट्याचा जमिनीला लागणारा भाग घासून चकचकीत होतो, पण कॅरियरच्या चाकांना रबराच्या धावा असतात, त्या चकाकत नाहीत आणि गंजतही नाहीत. चालक रोज जिथून चढतो तिथला रंग गेलेला असणार. जिथे कुणाचा हात पोचत नाही तिथला रंग शाबूत असणार. ही शाळा परदेशी मासिकात शोधायला नको. महामार्गाच्या कामावर उभा असलेला जेसीबी पंधरा मिनिटे नीट पाहावा. खोऱ्याचे दात, पायरी, दाराची मूठ, डिझेल भरण्याचे तोंड, प्रत्येकाचा डाग वेगळा आणि प्रत्येकाचे कारण वेगळे.

आमच्या आळीत एक निवृत्त हवालदार राहतात. सारी नोकरी फौजेतल्या गाड्यांवर झालेली. परदेशी मासिकातला एक फोटो त्यांना दाखवला. नखशिखांत गंजलेला रणगाडा, कलाकुसर अप्रतिम. त्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, ‘काम झकास आहे हो. पण ही गाडी भंगारातली दिसते. चालू गाडी अशी ठेवली असती, तर साहेबांनी सबंध प्लाटूनला उन्हात उभं केलं असतं.’ मग थोडे थांबून म्हणाले, ‘धूळ असते, मालक. धुळीला इलाज नाही. पण इंजिन, पट्टे, बंदूक हे पुसलेलंच असतं. जीव त्याच्यावर असतो ना.’

वेदरिंगवरच्या जाड पुस्तकात न सापडणारी गोष्ट त्यांनी दोन वाक्यांत सांगितली. गाडीवरचे डाग जितके बोलतात, तितकीच तिची पुसलेली ठिकाणेही बोलतात. मळलेल्या गाडीवर बंदुकीचा चाप तेवढा स्वच्छ असेल, तर तिथे माणूस होता हे कळते.

माती कुठली?

धुळीचा रंग हा सगळ्यांत नाजूक विषय. आपल्याला आपली माती प्रिय. जांभ्याची तांबडी पूड गाळून गाडीला लावावी असे मनापासून वाटते, आणि दिसतेही ती सुरेख. पण टायबरच्या खोऱ्यातली उन्हाळ्यातली धूळ फिकट, पिठासारखी असते. तिच्या जागी कोकणची तांबडी माती लावली, तर गाडी इटलीतून उचलून पोलादपूरला आणल्यासारखी होईल. पळसगावचा मुलगा त्या तांबड्या मातीतून निघाला आणि त्या पांढुरक्या धुळीत पडला. ते अंतर पुसायचे नाही. ते दाखवणे हेच तर काम आहे.

त्या धुळीबद्दल आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. इटलीत सैन्याने रस्त्याकडेला पाट्या लावल्या होत्या. धूळ उडवाल तर तोफगोळे ओढवून घ्याल, अशा अर्थाच्या. टेकडीवर दुर्बीण लावून बसलेल्या शत्रूला कॅरियर दिसत नसे. दिसे तो तिच्यामागे उठलेला धुळीचा लोट, आणि मग तिथे गोळे येऊन पडत. म्हणून चालक उन्हातून जीव मुठीत धरून गाडी सावकाश हाकीत. एवढे कळल्यावर खडूची पूड कुंचल्यावर घेताना हात जरा थबकतो. आपण जिला शोभा समजत होतो, ती कुणाच्या तरी मरणाची खूण होती.

चिखलाचे तसेच. २२ जुलै २०२१ रोजी महाडात पूर आला आणि ओसरला, तेव्हा बाजारपेठेत रिक्षा, मोटारसायकली, टेम्पो यांच्यावर गाळाचा जो थर वाळत पडला होता, तो ज्यांनी पाहिला त्यांना चिखलाचे सौंदर्य सांगायला जाऊ नये. पाणी कुठवर चढले होते त्याची सरळ रेघ प्रत्येक भिंतीवर होती. त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून वाडीच्या वाडी गाडली गेली. त्या गाळातून वस्तू बाहेर काढताना प्रत्येक घराला ठाऊक होते, की वस्तूवरचा डाग म्हणजे घडलेल्या गोष्टीची नोंद असते. प्रतिकृतीवर चिखल लावणाऱ्याने हे विसरू नये.

खेळ की आणखी काही?

इथे एक आक्षेप घेतला जातो, आणि तो रास्त आहे. युद्धासारख्या भयंकर गोष्टीचे खेळणे करून कपाटात ठेवायचे, हे कितपत बरोबर? मुलांच्या मनावर याचा काय परिणाम होईल?

आक्षेपाला एका वाक्यात उत्तर नाही. चकचकीत, नव्या रंगाची, तोफ रोखलेली प्रतिकृती युद्धाला खरोखरच खेळणे बनवते. तिच्यात माणूस नसतो, थकवा नसतो, वेळ गेलेला नसतो. उलट नको तितके भोसकलेले, जाळलेले, रक्ताळलेले रणगाडे करणारेही आहेत. ते दुसऱ्या टोकाचे खेळणे. मधली वाट कष्टाची आहे. गाडी कुठली, कोणत्या महिन्यातली, कुठल्या रस्त्यावरून आली, तिच्यात कोण बसले होते, त्याने तवा आणि कांबळे कुठे बांधले असेल, हे विचारत विचारत जो मुलगा डाग लावतो, तो इतिहासाच्या पुस्तकात वाचलेली एक ओळ दोन महिने हातात धरून बसलेला असतो. दहा वर्षांच्या पोराला टायबर नदी नकाशात शोधायला लावणारे दुसरे साधन पटकन आठवत नाही.

आणि प्रामाणिकपणे केलेले काम आपल्या मर्यादाही सांगते. यशवंत घाडगे यांच्या शौर्याच्या हकिकतीत कुठेच गाडी नाही. जिथे चढ सुरू होतो तिथे कॅरियर थांबते, पुढे खेचरे जातात, आणि जिथे खेचरही थांबते तिथून पुढे पायदळाचा शिपाई एकटा जातो. तेव्हा आपली साडेदहा सेंटिमीटरची गाडी टेकडीच्या पायथ्याशी, रिकामी, इंजिन बंद करून उभी दाखवावी. तिच्यावरची माणसे वर गेली आहेत. मागे धूळ बसते आहे. बंदूक, गोळे, आरोळी यांतले काहीही न दाखवता त्या दिवसाबद्दल एवढे सांगता येते.

घाडगे यांची तिकडे कबर नाही. त्यांचे नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेले आहे. ज्या खोऱ्यात ते पडले, तिथल्या माँतोने या गावाने २०२३ च्या जुलैत त्यांच्या नावाचे एक स्मारक उभारले. ते पुतळ्याचे नाही, तोफेचेही नाही. ते एक सूर्यघड्याळ आहे. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, असे त्यावर लॅटिनमध्ये लिहिले आहे. ऐंशी वर्षांनी एका परक्या गावाला पळसगावच्या पोराची आठवण ठेवावीशी वाटली.

आपल्या तालुक्यात मात्र अजून कित्येक आकड्यांना नावे मिळायची आहेत. कुणाच्या माळ्यावरच्या ट्रंकेत एखादे पदक असेल, पिवळे पडलेले पेन्शनचे कागद असतील, पणजोबांच्या पलटणीचा नंबर असेल. या दिवाळीच्या सुट्टीत मुलाला किंवा मुलीला खोका आणून द्यायचा विचार असेल, तर जरूर आणून द्यावा. पण झाकण उघडण्याआधी एकदा ती ट्रंक उघडावी. गाडीला रंग कोणता द्यायचा आणि तिच्यावर धूळ कुठली बसवायची, याचे उत्तर बहुधा तिथेच मिळेल.